मणक्याच्या दुखापतीनंतरचे कॅलिपर आणि एएफओ: गोव्यात काय टिकतं, काय फसतं

मणक्याला मार लागून पायांतली ताकद गेलेल्या माणसाला उभं करायला, चालवायला जी साधनं वापरली जातात, त्यांचा हा आढावा. साधा प्लास्टिकचा एएफओ (घोटा आणि पाऊल धरणारं साधन), फ्लोअर रिॲक्शन एएफओ, दोन तऱ्हेचे मांडीपर्यंत जाणारे कॅलिपर (डॉक्टरांच्या चिठ्ठीवर केएएफओ) आणि कमरेपर्यंत जाणारा आरजीओ. निकाल आधीच सांगतो. यातली बहुतेक साधनं फसतात ती घोट्यापाशी. लोक लॉक कुठलं, धातू कुठला, वजन किती हे विचारतात. घोटा किती अंशांवर बसवलाय आणि कुठल्या बुटासाठी बसवलाय, हे कोणी विचारत नाही आणि पावतीवरही ते नसतं. गोव्यात तर हे जास्तच नडतं. आपण घरात अनवाणी, अंगणात चप्पल, देवळात पुन्हा अनवाणी. बूट निघतात ते लग्नाला.

आधी स्नायू, मग साधन

खुर्चीत बसा, मांडी टेकलेली राहू दे आणि गुडघा पूर्ण सरळ करा. पाय हवेत सरळ झाला, तर मांडीच्या पुढच्या स्नायूला निदान ग्रेड 3 (0 ते 5 च्या मोजपट्टीवर) ताकद आहे आणि बहुधा एएफओवर भागेल. एल-3 किंवा त्याखालच्या दुखापतीत हे सहसा जमतं (एल म्हणजे कमरेचे मणके, डी म्हणजे त्यांच्या वरचे, पाठीचे). पाय अर्धाच उठला किंवा उठलाच नाही, तर गुडघ्याला कुलूप घालावं लागेल, म्हणजे कॅलिपर आले. डी-12 ते एल-2 या पट्ट्यातल्या पूर्ण दुखापतीत, म्हणजे खालची ताकद आणि संवेदना सगळी गेलेली असताना, दोन्ही पायांना कॅलिपर आणि एल्बो क्रच घेऊन घरातल्या घरात चालता येतं. डी-10 च्या वर धडच डोलतं. तिथे उभं राहणं हा व्यायाम समजावा, येण्याजाण्याचं साधन समजू नये. अपूर्ण दुखापतीत मात्र लेव्हल फारसं काही सांगत नाही. एका पायाला एएफओ आणि दुसऱ्याला कॅलिपर असंही पुष्कळदा निघतं, म्हणून प्रत्येक स्नायूची ताकद वेगवेगळी तपासून लिहिलेला तक्ता फिजिओकडून घ्या आणि तोच ऑर्थोटिस्टला (ही साधनं बनवणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा.

घाई करू नका. परत येणारी ताकद बहुतेक पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत येते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात महागडी जोडी करून घेतली, तर सहाव्यात ती जास्तीची ठरू शकते. तोवर पुश-नी स्प्लिंट आणि तयार मिळणारा एएफओ ही जोडी कामाची आहे. मांडीपासून पोटरीपर्यंत जाणारी कापड-पट्ट्यांची ही स्प्लिंट स्वस्त आहे, सर्जिकल दुकानात मिळते आणि तिच्यावर कॅलिपरची रंगीत तालीम करता येते. पॅरलल बारमध्ये ती लावून अर्धा तास उभं राहता येत नसेल, चक्कर येत असेल, हातांवर अंग उचलता येत नसेल, तर कॅलिपरनेही चालता येणार नाही. आधी खांदे आणि दंड घडवायला हवेत.

काही गोष्टी असतील तर मापच देऊ नये. न भरलेली बेडसोअर, पोटरीत रक्ताची गाठ, हाड मोडलेलं, आणि गुडघा 10-15 अंशांपेक्षा जास्त वाकलेला अडकलेला. खुब्याचं आखडणं लोक मोजतच नाहीत आणि कॅलिपरचा सगळ्यात मोठा शत्रू तोच. दिवसभर व्हीलचेअरवर बसून खुबा पुढे आखडतो, आणि आखडलेल्या खुब्यावर सरळ उभं राहता येत नाही. रोज 20 ते 30 मिनिटं पालथं झोपणं हा त्यावरचा बिनपैशाचा उपाय आहे. दुखापतीनंतर पायांची हाडं ठिसूळ होतात, तेही ध्यानात असू दे. गुडघ्याच्या वर-खाली किरकोळ पडण्याने फ्रॅक्चर होतं आणि दुखत नसल्यामुळे कळतं ते सूज आल्यावर.

घोट्याचा हिशेब

कॅलिपर लावलेला माणूस स्नायूंच्या जोरावर उभा नसतो. गुडघे कुलूपबंद, घोटा जाम, नडगी थोडी पुढे झुकलेली, कंबर पुढे ढकललेली आणि खांदे मागे. अशा वेळी खुब्याच्या पुढचा जाड लिगामेंट ताणला जातो आणि त्याच्यावर धड टेकतं. जमलं तर हात सोडूनही क्षणभर तोल राहतो. हे जमवायला घोटा साधारण 5 ते 10 अंश वर उचललेला, म्हणजे नडगी तितकी पुढे झुकलेली लागते. कोलोराडोतल्या क्रेग हॉस्पिटलच्या नावाने ओळखला जाणारा स्कॉट-क्रेग कॅलिपर याच तत्त्वावर आहे. मांडीला एकच बँड, नडगीच्या वरच्या भागाला पुढून एक बँड, गुडघ्याला मागून चाप असलेलं लॉक आणि खाली कडक तळपट्टी. बाकी सगळं त्याने काढून टाकलं, घोट्याचा कोन मात्र सोडला नाही.

आता बुटाचं गणित. कोन ठरतो तो टाचेखालचं सोल आणि चवड्याखालचं सोल यांच्या जाडीतल्या फरकावर. टाच नुसती उंच असून काही होत नाही. बऱ्याच स्पोर्ट्स शूजमध्ये हा फरक सेंटिमीटरभर असतो, हवाई चपलेत जवळजवळ शून्य. समजा कॅलिपर दीड सेंटिमीटर फरकाच्या बुटात जुळवलाय. टाच ते चवडा हे अंतर मोठ्या माणसात 16-17 सेंटिमीटर धरा. बूट काढून अनवाणी उभं राहिलं, की नडगी पाचेक अंश मागे जाते. गुडघा लॉक असल्यामुळे मांडीही तिच्यामागून जाते आणि खुबा सात-आठ सेंटिमीटर मागे सरकतो. तोल राखायला माणूस कमरेत पुढे वाकतो, सगळा भार हातांवर येतो. मग घरचे म्हणतात, ‘बुटात बरा चालतो, घरात आळस करतो.’

एएफओत हेच उलट्या बाजूने घडतं. बुटाची टाच जास्त उंच निघाली की नडगी पुढे ढकलली जाते, गुडघा वाकायला बघतो, आणि मांडीचा स्नायू कमकुवत असेल तर दुमडतोच. टाच कमी पडली तर गुडघा मागे दाबला जातो. महिनोन्महिने तसंच चाललं तर गुडघ्याच्या मागच्या बाजूचे बंध सैल होऊन तो मागे वाकायला लागतो.

उपाय अवघड नाही, पण तो ऑर्डर देतानाच सांगावा लागतो. माप द्यायला जाताना रोजचा बूट बरोबर न्या. घरासाठी वेगळा जोडा ठेवायचा तर सोलमधला फरक तोच हवा. पट्टीने मोजा, दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका. देवळासाठी आणि घरच्या फरशीसाठी ईव्हीएचं (चपलांच्या सोलला वापरतात त्या फोमचं) पाचरीसारखं, खाली रबर चिकटवलेलं सोल वरून व्हेल्क्रोने बांधता येईल असं करून घ्या आणि ते बाहेर वापरू नका. नुसता पॉलिप्रॉपिलीनचा (एएफओच्या प्लास्टिकचा) तळ गुळगुळीत फरशीवर सरळ घसरतो, मग ती मोझॅक असो, लाल सिमेंट असो की देवळातला संगमरवर.

रॅम्पचाही हाच हिशेब आहे. नियमातला 1:12 चा चढ म्हणजे जवळपास पाच अंश, बूट काढल्यावर होतो तितकाच. जाम घोट्याने समोरून चढताना अंग मागे जातं, उतरताना पुढे. फेरीबोटीचा ओला उतार याहून वाईट. तिथे कॅलिपरवर चालू नये, व्हीलचेअरवर बसून पार करावा.

साधा पॉलिप्रॉपिलीन एएफओ

पायाचं पाऊल लटकतंय, बाकी ताकद बरी आहे, अशांसाठी मागून पातळ पट्टी असलेला लवचीक एएफओ उत्तम. हलका, बुटात मावणारा, पावसात न कुजणारा. मात्र पायात ताठरपणा, म्हणजे स्पॅस्टिसिटी असेल तर हा चालत नाही. स्नायू आवळला की पट्टी वाकते, टाच वर निघते आणि पाऊल आत वळतं. तिथे घोट्याच्या हाडांच्या पुढपर्यंत कडा असलेला सॉलिड एएफओच लागतो. प्रौढ माणसासाठी 4 ते 5 मिलिमीटरचं शीट घ्या. 3 मिलिमीटरचं मुलांना ठीक.

बिजागरीचा एएफओ दिसायला छान, जिना चढायला आणि खुर्चीतून उठायला सोपा, म्हणून पुष्कळ खपतो. एल-4, एल-5 च्या रुग्णाला तो देताना मात्र दोनदा विचार व्हायला हवा. अशा पायात पोटरीही गेलेली असते. बिजागरी नडगीला पुढे जाऊ देते, तिला आवरणारी पोटरी नसते, आणि माणूस गुडघे वाकवून चालायला लागतो. संध्याकाळी मांड्या भरून येतात आणि दोष चालण्याच्या सरावाला दिला जातो. उभं राहून पोटरीच्या जोरावर टाच उचलता येत नसेल, तर बिजागरी नको.

एएफओ तुटतो तो ठरलेल्या दोन जागी, घोट्याच्या कडेला आणि चवड्याच्या वळणावर. आधी तिथे पांढरट रेघ उमटते. ती दिसली की दुरुस्तीला द्या. घरी एमसील लावून काही होत नाही, पॉलिप्रॉपिलीनला ते धरत नाही.

योग्य माणसाला पाचपैकी साडेचार. चुकीच्या माणसाला एक.

फ्लोअर रिॲक्शन एएफओ

याचं कवच नडगीच्या पुढून येतं. घोटा जाम आणि तळपट्टी बोटांपर्यंत कडक असते. अंगाचा भार चवड्यावर आला की जमिनीचा जोर कवचातून नडगीला मागे रेटतो आणि गुडघा सरळ राहतो. गुडघ्याला कुलूप नाही, तरी गुडघा धरला जातो. मांडीची ताकद ग्रेड 3 च्या काठावर असलेल्या अपूर्ण दुखापतीत आम्हाला हा सगळ्यात हुशार पर्याय वाटतो आणि सगळ्यात कमी सुचवला जाणाराही हाच. दोन अटी आहेत. गुडघा 10 अंशांच्या आत सरळ व्हायला हवा आणि खुबा मागे नेणारे स्नायू बरे हवेत. तळपट्टी बोटांच्या आधी कापलेली असेल, तर अख्खं साधन वाया. चवडा वाकतो, जोर वर पोचतच नाही. चालून बघताना तळपट्टी हाताने वाकवून पाहा. सहज वाकली तर परत द्या.

कॅलिपर

जुना प्रकार धातूच्या बारचा, कातडी बँडचा आणि रिंग लॉकचा. रिकीब (बार बुटाला जोडणारा धातूचा भाग) थेट बुटाच्या सोलमध्ये बसवलेली. नवा प्रकार पॉलिप्रॉपिलीनच्या मांडी-पोटरी कवचाचा, मध्ये ॲल्युमिनियमचे बार आणि खाली एएफओ. जुना टिकाऊ. कुठलाही बरा लोहार-वेल्डर वेळ मारून नेतो, सूज कमी-जास्त झाली तरी पट्टा एक भोक पुढे-मागे करता येतो. पण तो एकाच बुटाला बांधलेला आणि जड. एका पायाचं वजन दोन किलोच्या आसपास जातं. नव्याचा दाब जास्त जागेवर पसरतो, तो कपड्याखाली मावतो, बूट बदलता येतो. मात्र सोलमधला फरक बदलायचा नाही. सूज मात्र त्याला अजिबात सोसत नाही. साचा सकाळी, पाय हलका असताना घेतलेला असेल, तर संध्याकाळी कवच रुततं. सूज येणाऱ्याने हे साचा घ्यायच्या आधी सांगावं.

आमची पसंती नव्याला, पण बेडसोअर होऊन गेलेल्या आणि वरचेवर सूज येणाऱ्या पायाला जुनाच बरा.

गुडघ्याच्या लॉकवर थोडं जास्त लिहायला हवं. रिंग लॉक म्हणजे बारवरून घसरून सांध्यावर बसणारी कडी. साधं आहे, भक्कम आहे, अचानक सुटत नाही. अडचण अशी, की एका पायाला दोन कड्या, दोन पायांना चार, आणि त्या लावता-काढताना हात मोकळे लागतात. उभं राहून कडी काढता काढता तोल जातो. मांडीच्या बाजूला कडी वर धरून ठेवणारी छोटी गोळी असते, ती सांगून बसवून घ्या, नाहीतर बसल्यावर पुन्हा वर ओढत बसावं लागतं. लाल माती आणि वाळू या दोन गोष्टी रिंग लॉकला अडकवतात. कडी पूर्ण खाली न बसता अर्ध्यावर राहते, वरून लागल्यासारखी दिसते आणि पहिल्याच पावलाला गुडघा मोडतो. म्हणून उभं राहण्याआधी प्रत्येक कडीवर अंगठा दाबून बघायची सवय लावावी.

स्विस लॉकमध्ये गुडघ्याच्या मागे अर्धगोल चाप असतो. गुडघा सरळ झाला की खट् आवाज येऊन आपोआप लागतो. बसताना तोच चाप खुर्चीच्या कडेवर टेकवला की दोन्ही बाजू एकदम सुटतात, हात क्रचवर राहतात. सोय मोठी, धोकाही त्याच चापात. मागून काही लागलं की लॉक सुटतं. जुन्या घरांच्या बाल्कांवातला (दारापुढच्या ओसरीतला) सोपो, म्हणजे बांधीव बाक, नेमका त्या उंचीचा, कडा बांधकामाची. त्याला पाठ करून गप्पा मारत उभं राहायचं नाही. कदंब बसमधली सीटची कडही तशीच. साडी किंवा लुंगी चापात अडकते. सैल पायजमा किंवा बाजूला चेन लावलेली पँट बरी. एकट्याने वावरणाऱ्याला स्विस लॉक, गर्दीत वावरणाऱ्याला रिंग लॉक, असा आमचा कौल आहे. एका पायाला एक आणि दुसऱ्याला दुसरं लॉक असा प्रयोग करू नका. घाईच्या वेळी हात गोंधळतात.

चढवायचा क्रम असा. पलंगावर पाय पसरून बसायचं. शिवण नसलेला सुती मोजा गुडघ्याच्या वरपर्यंत ओढायचा, सुरकुती राहू द्यायची नाही. कवचात आधी टाच बसवायची. टाच मागे पूर्ण टेकलीय का ते बोट घालून बघायचं. मग पहिला पट्टा घोट्याचा, नंतर पोटरी, गुडघा आणि शेवटी मांडी. वरून खाली आवळत गेलं की टाच वर राहते आणि दिवसभर तिथेच घासते. बेडवरच दोन्ही लॉक लावून-काढून बघायचे, मग खुर्चीत यायचं. उभं राहताना खुर्चीचे ब्रेक लावून कडेला सरकायचं, लॉक लावायचे, एक पाय दुसऱ्यावर टाकून खुर्चीकडे तोंड करून वळायचं आणि हत्त्यांवर जोर देऊन वर यायचं. सुरुवातीला कमरेला पट्टा बांधून मागे माणूस उभा हवा.

पहिल्या दिवशी अर्धा तास पुरे. काढल्यावर आरशात टाच, घोट्याची हाडं, गुडघ्याची बाजू आणि मांडीचा आतला भाग बघायचा. लाली 20-30 मिनिटांत गेली तर ठीक. राहिली तर त्या जागेला कवच गरम करून फुगवून घ्यावं लागेल, तोवर ते घालू नका. संवेदना नसलेल्या पायात ‘सवय होईल’ हे वाक्य चालत नाही. डी-6 किंवा वरची दुखापत असेल, तर घट्ट पट्ट्यानेही रक्तदाब एकदम चढू शकतो. डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर ताबडतोब बसवून पट्टे सोडायचे, कॅथेटर तुंबलाय का ते बघायचं. उतरलं नाही तर थेट इस्पितळ.

चालण्याचा वेग किती, असं सगळे विचारतात. निरोगी माणूस मिनिटाला साधारण 80 मीटर चालतो. दोन कॅलिपर आणि क्रचवर 20 ते 30 मीटर, आणि दमणूक किती तरी पट. व्हीलचेअर विकायचा विचार कोणी मनात आणू नये. संडासात जाणं, स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभं राहणं, पायऱ्यांमुळे अडलेलं एखादं दार, यांच्यासाठी कॅलिपर. लांबचं अंतर चाकांवर. हे आधी नीट सांगितलेलं नसतं म्हणून कितीतरी जोड्या कपाटावर पडून राहतात.

पाचपैकी चार, घोटा नीट जुळवला असेल तर. नव्वद अंशांत जाम करून दिलेल्या जोडीला दोन.

आरजीओ आणि मोटरवाले

आरजीओत दोन्ही कॅलिपर कमरेच्या पट्ट्याला खुब्याच्या सांध्यांनी जोडलेले असतात आणि केबल किंवा मागची डोलती पट्टी एक पाय मागे गेला की दुसरा पुढे आणते. पाऊल खरोखर पाऊल दिसतं, उड्या मारत जावं लागत नाही. पण वेग कॅलिपरपेक्षाही कमी, चढवायला वेळ, कॅथेटर घालायची वेळ आली की कमरेचा पट्टा आडवा. एप्रिल-मेच्या घामात धडाभोवती ते कवच दोन तास सोसणारा विरळा. खरेदी करायचीच तर आधी वर्षभर साध्या कॅलिपरवर रोज उभे राहता का ते बघा. आम्ही पाचपैकी अडीच देतो, तेही व्यायामाचं साधन म्हणून.

मोटरवाल्या एक्सोस्केलेटनमध्ये (अंगावर चढवायच्या यांत्रिक सांगाड्यांत) रिवॉक या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषध-उपकरण नियामकाची, परवानगी 2014 मध्ये मिळाली, एक्सो या यंत्राला 2016 मध्ये. पणजीत 2023 पासून भरणाऱ्या पर्पल फेस्टसारख्या दिव्यांगांच्या महोत्सवात साधनं हाताळून बघायला जरूर जावं, पण प्रदर्शनात दहा मिनिटं उभं राहण्यावरून घरचा निर्णय घेऊ नये. अशा यंत्राला शिकलेला सोबती, सपाट जागा आणि जवळ दुरुस्ती लागते.

ट्रायलच्या दिवशी काय बघायचं

चकचकीत पॉलिश झालेली जोडी पहिल्यांदाच हातात देणारा कारागीर टाळा. चांगला ऑर्थोटिस्ट कच्ची जोडी घालून उभं करतो, मग कडा कापतो. उभं राहिल्यावर कॅलिपरचा गुडघ्याचा सांधा खऱ्या गुडघ्याच्या सांध्याच्या फटीपेक्षा सुमारे दोन सेंटिमीटर वर यायला हवा. खाली-वर झाला, तर बसताना कवच मांडीवर किंवा पोटरीवर वर-खाली घासतं. मांडीच्या आतली वरची कड जांघेपासून अडीच ते चार सेंटिमीटर खाली. पोटरीच्या कवचाची बाहेरची वरची कड गुडघ्याखालच्या बाहेरच्या उंचवट्यापासून दोन बोटं खाली. तिथून नस जाते आणि ती दाबली तर होतं-नव्हतं पाऊलही लटकतं. बसवून बघा. गुडघ्यामागे दोन बोटं जायला हवीत, नाहीतर मांडी-पोटरीची कातडी चिमटीत सापडते. बारवर वाकवण्याच्या हत्याराचे खोल व्रण असतील तर तो बार नाकारा. ॲल्युमिनियम तिथूनच तुटतं, नाहीतर गुडघ्याच्या स्क्रूच्या भोकापाशी.

गोव्याची हवा

वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बाकीचे महिने खारी हवा. कातडी अस्तर जुलैत बुरशी धरतं. ते ईव्हीए फोमचं करून घ्या आणि रोज पुसा. मोज्यांच्या चार जोड्या लागतात, कारण पावसाळ्यात एक जोडी वाळेपर्यंत दुसरी भिजते. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये बसवलेले असतील तिथे पांढरी भुकटी धरते, म्हणजे धातू खायला सुरुवात झाली. समुद्रावर जाऊन आलात तर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. जास्त तेल घातलं तर त्याला वाळू चिकटते. स्क्रू महिन्यातून एकदा आवळा. परत परत ढिला होणाऱ्या स्क्रूला थ्रेड-लॉक लावून घ्या. व्हेल्क्रोत तंतू आणि माती अडकली की पकड जाते. जुन्या टूथब्रशने खरवडून काढली की बरीच परत येते. पॉलिप्रॉपिलीन बंद गाडीत उन्हात आवळून ठेवू नका, आकार सोडतं. क्रचचं रबर उलटं करून नक्षी बघा; गुळगुळीत झालं असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी बदला. शेवाळ धरलेल्या चिऱ्याच्या पायरीवर नवं रबरही घसरतं, ती आधी ब्रशने घासून घ्यावी लागते.

करून कुठे घ्यावं

ऑपरेशन गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) झालेलं असो की खासगीत, माप देण्याआधी स्नायूंचा तक्ता आणि ताजा एक्स-रे हवा. कारागिराला आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक विचारा. 1992 च्या कायद्याने प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्टला (कृत्रिम अवयव आणि आधार-साधनं बनवणाऱ्यांना) ही नोंदणी लागते, आणि विचारण्यात संकोच कसला? गुंतागुंतीच्या केससाठी मुंबईला हाजी अलीच्या एआयआयपीएमआर या सरकारी पुनर्वसन संस्थेची वाट धरणारे गोवेकर आहेत. तिथे कार्यशाळा आणि डॉक्टर एकाच आवारात असल्यामुळे कोन बदलून घेणं सोपं जातं. पण ट्रायलला दोन-तीनदा जावं लागेल, हे धरून चला. केंद्राच्या एडिप (दिव्यांगांना साधनं देणाऱ्या) योजनेखाली कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची साधनं शिबिरांतून मिळतात. यूडीआयडी कार्ड (दिव्यांग ओळखपत्र) आधी काढून ठेवलं तर हेलपाटे वाचतात. माप आणि वाटप यांच्यात काही महिने गेले, तर मांडीचा घेर उतरलेला असतो. वाटपाच्या दिवशी नुसती सही करून घेऊन जाऊ नका, तिथेच घालून उभे राहा.

पावतीवर या गोष्टी कारागिराकडून लिहून घ्याव्यात: घोट्याचा कोन किती अंश, तो कुठल्या बुटात आणि किती मिलिमीटर सोल-फरकावर धरला, शीटची जाडी, लॉकचा प्रकार आणि कंपनी, किती ट्रायल, आणि पहिल्या सहा महिन्यांत कडा फुगवणं-कापणं बिलात आहे की वेगळं. लॉकची कंपनी लिहिलेली असेल तर दोन वर्षांनी सुटा भाग मागवता येतो. नाहीतर एका स्प्रिंगसाठी अख्खा सांधा बदलावा लागतो.